बाईंचं बसकर

बाई कुठंही निघाल्या, की आपली बसायची जागा काखेत घेऊन निघायच्या. तरटाचा हातभर चौकोन, दोनपदरी दुमडून कडेनं लाल पट्टी शिवलेला. आम्ही त्याला बसकर म्हणायचो. कुणाच्या ओट्यावर गेल्या, की उभ्याउभ्याच ते झटकायच्या, अंथरायच्या, ऐसपैस बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बोला."

नव्या माणसाला वाटायचं, बाईंना स्वच्छतेची भारी हौस. तसं नव्हतं. बाई ख्रिस्ती. शिरूरला मिशनच्या शाळेत शिकलेल्या. नाव एस्तेर, वाडीनं त्याचं इस्तरबाई केलं आणि पुढं नुसतंच बाई. त्यांच्या घराण्यानं धर्म बदलला त्याच्या आधीची जात वाडीनं पहिल्याच आठवड्यात शोधून काढली होती. त्यामुळं बाई दारात आल्या की घरातल्या सुनेची पंचाईत व्हायची. काही अंथरावं तर सासू डोळे वटारणार, न अंथरावं तर मास्तरीणबाई मातीत बसणार. बाईंनी तो प्रश्न आपणच सोडवून टाकला. "तुमची पंचाईत नको आणि माझं लुगडं मळायला नको," असं त्या हसून म्हणायच्या. त्या हसण्यात टोमणा नसायचा. वाडीही मग निवांत झाली. इतकी, की त्या बसकरात काही चुकीचं आहे असं कुणाला वाटेनासं झालं. मलाही नाही. मी लहान होते आणि बाईंचं बसकर मला बाईंच्या चष्म्यासारखंच वाटायचं.

मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. हे मी मान ताठ करूनच सांगते, कारण ती मान ताठ करायला बाईंनीच शिकवलं. पण मी माझी गोष्ट सांगत नाही, त्यांची सांगते आहे.

आमची वाडी शिरूर तालुक्यात, अगदी भीमेच्या काठाला. नदीपलीकडं दौंड तालुका. बाजार मांडवगण फराट्याला, आणि आगगाडीचा आवाज वारा तसा असला तर दौंडाकडून. आम्ही मेंढरांची माणसं. माझ्या आजोबांच्या हयातीत थोडी जमीन झाली, कांदा-बाजरी निघायला लागली. पण दिवाळी झाली की मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायचीच, आणि मेंढरांमागं माणसं, माणसांमागं पोरं. पावसाच्या तोंडाला परत. मोठी माणसं मेंढरं हाकायची. कोकरं मात्र पोरांकडं. कोकरू पोराच्या मागं चालतं, मोठ्या माणसाच्या नाही, असं आमच्याकडं मानायचे.

अशा वाडीत लोकल बोर्डाची शाळा. एक खोली, एक ओसरी, चार वर्ग आणि एक बाई.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हात लावून सांग." भूगोल असो, गणित असो, कवितेतलं फूल असो. कुणी म्हणालं, "बाई, काळी माती पाणी धरून ठेवती," की बाई म्हणायच्या, "हात लावून सांग." मग सगळा वर्ग उठून वावरात. एका टोपलीत काळी माती, एका टोपलीत माळावरचा मुरूम, दोन्हीत सारखं पाणी, आणि खाली ठेवलेल्या परातींकडं डोळे लावून आम्ही बसलेलो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय चाललंय गं पोरींनो?" आम्ही सांगायचो, "शाळा." तो डोक्याला हात लावून पुढं जायचा.

आणि बाजारातून आणलेली वस्तू बाईंच्या वर्गात चालायची नाही. पुठ्ठा नाही, रंग नाही, चकचकीत कागद तर नाहीच. "वाडीत जे आहे त्यातून करा. नाही ते नाही." वरून हस्तव्यवसायाला टकळ्या आल्या, पण कापसाचे पेळू काही वेळेवर यायचे नाहीत. बाईंनी आठ-दहा दिवस त्यांची वाट बघितली आणि म्हणाल्या, "घरोघर लोकर पडली आहे. ती आणा." अख्ख्या जिल्ह्यात पोरं सूत कातत होती तेव्हा आम्ही शाळेत लोकर कातत होतो. आणि सांगायला हरकत नाही, बाईंच्या हातचा धागा तुटायचा, आमचा तुटायचा नाही. त्या मोकळेपणानं म्हणायच्या, "दाखव गं पुन्हा."

शाळेची बाहेरची भिंत म्हणजे वाडीचं वर्तमानपत्र. रोज दोन पोरांनी बातमी आणायची, खरी आहे का ते बघायचं आणि कोळशानं भिंतीवर लिहायची. "गोदाकाकूंची म्हैस व्याली. रेडी झाली." "नदीला पाणी चढले. होडी बंद." एकदा एका पोरानं लिहिलं, "काल आप्पांच्या घरी भांडण झाले. कारण समजले नाही." आप्पा म्हणजे शाळेशेजारचे, आवाजानं दणकट. तणतणत आले.

"बाई, ही काय बातमी झाली व्हय?"

"खोटी आहे का, आप्पा?"

"खोटी न्हाई, पर..."

"मग कारण तेवढं सांगा. तेही लिहून टाकते, म्हणजे बातमी पुरी होईल."

आप्पा भिंतीकडं बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. "ऱ्हाऊ द्या. तेवढं माझं नाव जरा मोठ्या अक्षरात काढाय सांगा." पुढं महिनाभर त्यांच्या घरात मोठा आवाज झाला नाही म्हणे. आत्या सांगायची, "भिंतीला घाबरतंय माणूस."

एवढं सगळं झकास चाललं होतं, पण शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला जायचं तर नदी उतरून किंवा दोन ओढे ओलांडून मोठ्या गावाला. पोरगे जायचे, निम्मे महिन्याभरात परत यायचे. पोरींचा तर प्रश्नच नव्हता. चौथी झाली की पोरगी कोकरांमागं, आणि दोन-तीन वर्षांनी नवऱ्याच्या घरी. आमच्या चौथीत त्या साली पोरीच जास्त होत्या. बाईंनी मनात धरलं, की पाचवीचा वर्ग वाडीतच आणायचा आणि आमची चौथी संपायच्या आत आणायचा.

शाळा तपासायला येणारे साहेब, त्यांना सगळे दिपोटी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी साफ सांगितलं, "बाई, दिवाळीनंतर तुमचा निम्मा पट मेंढरांमागं जातो. रिकाम्या चटयांना पाचवी कशी देऊ? पालकांचा शब्द आणा."

शब्द द्यायचा तर तो आबांनी. आबा म्हणजे माझे आजोबा. वाडीत त्यांनी मान हलवली की सगळ्यांची हलायची. गुडघ्यांमुळं दोन सालांपासून त्यांचं कोकणात जाणं सुटलं होतं, पण मेंढरं कधी निघायची, कोण कुठं चालायचं, हे तेच ठरवायचे. बाई शाळा उघडल्यापासून आमच्या ओट्यावर येत राहिल्या. बसकर अंथरायच्या आणि म्हणायच्या, "आबा, मेंढरं जाऊ देत. पोरं ठेवा."

"आन् कोकरं?"

"कोकरांना नेणारं मोठं माणूस बघा कुणीतरी."

"बगू." आबा चिलीम भरत म्हणायचे. "बगू, बाई."

आबांच्या "बगू"चा अर्थ आम्हाला घरात माहीत होता. माझ्या आजीनं बाईंना जाताना हळूच सांगितलंसुद्धा, "ते तसं म्हनत्यात, पर बगत न्हाईत."

त्या साली दसऱ्याच्या सुमाराला, मेंढरं निघायच्या आधी, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांचं मिळून दौंडाला प्रदर्शन भरायचं ठरलं. प्रत्येक शाळेनं आपलं काम मांडायचं. दिपोटी साहेब स्वतः फिरून बघणार. बाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि विचारलं, "वाडीत काय आहे?" आम्ही म्हणालो, "काय न्हाई बाई, लोकर हाय नुस्ती." बाई म्हणाल्या, "मग लोकरीचा नकाशा करू. आपला मुलूख करू."

नकाशाला कागद नको होता, घोंगडी पाहिजे होती. बाई आबांकडं आल्या. आबांची नवी काळी घोंगडी सणगराकडून विणून आली होती, अजून खळीचा वास जायचा होता. आबा बराच वेळ घोंगडीवरून हात फिरवत बसले. आमच्यात घोंगडी म्हणजे नुसतं पांघरूण नाही. देवाचं काम तिच्यावर, पंच बसणार तिच्यावर, पाहुणा आला की त्याला अंथरायची ती. आणि घोंगडीवर बसून दिलेला शब्द फिरवायचा नाही.

"टोचा," आबा शेवटी म्हणाले. "पर कापायची न्हाई. आन् मी संगं येनार. घोंगडी एकली जायाची न्हाई."

आम्ही कामाला लागलो. पांढऱ्या लोकरीची जाड वळी करून भीमा केली, बारीक वळीचे ओढे. प्रत्येक गावाला लोकरीचा गोंडा. तळेगाव ढमढेरे वरच्या कोपऱ्यात, मांडवगण फराटा नदीलगत. दौंड मोठं, म्हणून बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा, आणि आगगाडीच्या रुळाला सुताचा नाडा. खाली कुरकुंभ. तेव्हा तिथं कारखाने-बिरखाने काही नव्हते, उघडा माळ आणि देवीची टेकडी. टेकडीला आम्ही लोकरीचा गोळा लावला. आमच्या वाडीचा गोंडा सगळ्यात लहान असायला पाहिजे होता, पण तो पोरींनी दाबून मोठा केला आणि बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग म्हाळू नावाचा एक पोरगा तपकिरी लोकर घेऊन बसला आणि वाडीपासून वर, तळेगावाच्या बाजूनं घोंगडीच्या काठापर्यंत वाट टोचायला लागला. मेंढरांची वाट. मी म्हणाले, "बाई, ही नको दाखवायला. दिपोट्याला कळंल ना आपण जातो ते." पोरांनाही माहीत होतं पाचवी कुठं अडली आहे ते.

बाईंनी म्हाळूला विचारलं, "ह्या वाटेवरचं पाणी कुठं कुठं आहे? हात लावून सांग."

त्यानं भराभरा बोट ठेवत सांगितलं.

"मग खरी आहे. असू दे."

प्रदर्शनाला आम्ही होडीनं नदी उतरलो आणि पलीकडून बैलगाडीनं गेलो. आबा घोंगडी मांडीवर घेऊन पुढं, माझे वडील हाकायला, बाई मागं पोरांत, काखेत बसकर. दौंडाला शाळेच्या मोठ्या पटांगणात कनाती लावलेल्या. शेजारच्या शाळेनं पुठ्ठ्याचं धरण केलं होतं, निळ्या रंगाचं पाणी, चांदीच्या कागदाचे दरवाजे. आमची पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. आम्ही आमची घोंगडी दोन बांबूंना सुतळीनं ताणून उभी केली. तिच्यापुढं आबा येऊन बसले ते हललेच नाहीत.

दुपार कलली तेव्हा दिपोटी साहेब आले. सकाळपासून उभे राहून फिरलेले, घाम पुसत. बाईंनी नमस्कार केला, पोरांनी पाठ केलेलं म्हणायला छाती भरून घेतली. तेवढ्यात आबा उठले. आबांच्या लेखी ती जागा म्हणजे प्रदर्शन नव्हतं, आमची वाडी होती. दारात पाहुणा आला होता आणि उभा होता. त्यांनी सुतळीच्या दोन गाठी सोडल्या, घोंगडी झटकली, भुईवर पसरली आणि हातानं थोपटून म्हणाले, "बसा साहेब. लई येळ उभं हाय."

आणि साहेब बसले. तेही कुठल्या तरी खेड्यातलेच असणार. घोंगडी दिसल्याबरोबर बूट काढले, मांडी घातली, "अग आई गं," म्हणून गुडघे चोळले. आबाही रीतीप्रमाणं त्यांच्यासमोर बसले. आमच्यातली एक पोरगी रडायलाच लागली. महिनाभराचं काम आणि साहेब त्याच्यावर बसलेले!

बाईंच्या तोंडाकडं मी बघितलं. एक क्षण त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी काखेतलं बसकर काढलं, घोंगडीच्या कडेला अंथरलं, बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आपण दौंडावर बसलात. जरा कुरकुंभाकडं सरकता का? मुलांना स्टेशन दाखवायचं आहे."

साहेबांनी खाली बघितलं. मांडीखालचा लाल गोंडा ओढून काढला आणि असे मोठ्यानं हसले, की धरणवाले मास्तर डोकावून गेले. "अहो, हे काय! नकाशावर बसवलंत की मला!" आबांना आता उमगलं. ते उठायला लागले तसं साहेबांनीच हाताला धरून बसवलं. "बसा आबा. आता इथूनच बघतो."

मग पोरं घोंगडीभोवती गुडघे टेकून बसली आणि बाईंनी शिकवलं तसं हात लावून सांगत गेली. इथं नदीला डोह आहे. इथं होडी. इथली जमीन चोपण, काही येत नाही. साहेब विचारत होते आणि आपणही हात लावून बघत होते. बोट तपकिरी वाटेवर आलं.

"हा कुठला रस्ता?"

"आमच्या मेंढरांचा," म्हाळू म्हणाला.

"कुठं जातो?"

"घोंगडी संपली. म्होरं कोकण."

"तू जातोस?"

"व्हय. समदीच जात्यात. पाऊस येस्तवर."

साहेब त्या वाटेवर बोट ठेवून थांबले. "इथंच तर सगळं अडलंय ना, बाई?"

"इथंच," बाई म्हणाल्या.

साहेब आबांकडं वळले. "आबा, पाचवी मी देतो. पण दिवाळीनंतर पोरं वाडीत राहतील, असं तुम्ही सांगा."

आबांनी बोलायला तोंड उघडलं. मला वाटतं "बगू"च येणार होतं. पण त्यांचा हात घोंगडीवर होता. आपणच अंथरलेली, आपणच बसलेले, समोर पाहुणा बसलेला. ह्या जागेवरून "बगू" म्हणता येत नव्हतं. आबांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं, पोरांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली.

"ऱ्हातील," आबा म्हणाले.

माझे वडील मागं उभे होते. "आबा, आन् कोकरांमागं कोण जाईल?"

"मी जाईन."

"तुमचं गुडघं?"

"गुडघं बी येतील संगं. हितं ठिऊन जातो का काय?" मग साहेबांकडं बोट करून म्हणाले, "आन् साहेब, तुमी बी घोंगडीवरच बसलाय. ध्यानात ऱ्हाऊ द्या म्हंजी झालं."

"ध्यानात आहे, आबा," साहेब म्हणाले.

नंबर पुठ्ठ्याच्या धरणाला मिळाला. आमचा नकाशा परीक्षक आले तेव्हा भुईवर होता आणि त्याच्यावर माणसं बसलेली होती. परतताना आबा गाडीत तेवढंच विचारत होते, "त्या धरनात पानी व्हतं का, बाई?" बाई म्हणाल्या, "रंग होता, आबा." "मंग नंबर कशाचा दिला?" बाईंना हसू आवरेना. दिवसभरात त्या पहिल्यांदाच तशा हसल्या.

पुढच्या जूनमध्ये पाचवी आली. दिवाळी झाली, मेंढरं निघाली आणि आम्ही पोरं वेशीपर्यंत पोचवायला गेलो. आबा काठी टेकत कोकरांच्या पुढं चालत होते. कोकरं त्यांच्या मागं चालेनात, इकडंतिकडं पांगत होती आणि आबा त्यांना शिव्या घालत होते. खांद्यावर तीच घोंगडी. लोकर उसवून देतो असं आम्ही म्हणालो होतो, पण त्यांनी हात लावू दिला नाही. "असू द्या. वाट चुकलो तर कामाला यील." पावसाच्या तोंडाला परत आले तेव्हा घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतलेली, आणि पांढरी भीमा त्यांच्या पाठीवरून खाली आलेली. आम्ही तेव्हा सहावीत निघालो होतो. एका बाईंच्या जोडीला दुसरे मास्तर आले होते.

बाई मात्र होत्या तशाच होत्या. भिंतीवर बातमी, पोरांच्या हाताला माती, काखेत बसकर. ज्या आबांनी पहिल्यांदा बघितलेल्या साहेबाला, कुणी न सांगता, घोंगडी अंथरली, त्यांनी बाईंना कधी अंथरली नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला मला हायस्कूलला जावं लागलं. आबांच्या ध्यानात कधी आलं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाईंची बदली झाली ती दौंड तालुक्यातल्या एका गावाला. निघायच्या दिवशी त्या घरोघर फिरल्या. मी त्या दिवशी वाडीतच होते. आमच्या ओट्यापाशी आल्या आणि नेहमीसारखं बसकर झटकायला हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या, बाई," आबा म्हणाले. आत गेले, घोंगडी घेऊन आले आणि ओट्यावर अंथरली. पावसानं, उन्हानं भुरकी झालेली. पण भीमा होती, गोंडेही बरेचसे होते. आजी दारात उभी होती.

"बसा," आबा म्हणाले.

बाई बसकर हातात धरून उभ्याच राहिल्या. मग त्यांच्या आवाजात जरासा खट्याळपणा आला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "कुठं बसू, आबा? हात लावून सांगा."

आबा गुडघ्यावर हात ठेवत कष्टानं वाकले. घोंगडीवर चाचपत, नदीच्या काठाकाठानं त्यांचा हात आमच्या दाबून मोठ्या केलेल्या गोंड्यापाशी आला. त्याच्या शेजारी त्यांनी थोपटलं.

"हितं. वाडीत."

बाई बसल्या. बराच वेळ बसल्या. आजीनं चहा आणून दिला. बोलणं कांद्याचं आणि पावसाचं झालं. बाईंचा हात सारखा त्या पांढऱ्या नदीवरून फिरत होता.

मग आम्ही सगळी त्यांना नदीपर्यंत पोचवायला गेलो. ट्रंक होडीत ठेवली. होडी मधोमध गेली तेव्हा त्यांनी वळून हात केला. दुसऱ्या हातानं बसकर काखेत घट्ट धरलेलं होतं. ते त्या आमच्याकडंच ठेवून जातील असं मला वाटत होतं. पण पुढच्या गावाला लागणार होतं.